आमच्या घरचा बँड

ऑफिसात अप्रेझलवरून भांडणं होतात, एसीच्या टेंपरेचरवरून होतात. पण आमच्या टीममध्ये सगळ्यांत जोरात भांडण होतं ते 'लेजंड' या शब्दावरून. कोण लेजंड आणि कोण उगाच डोक्यावर चढवून ठेवलेला, हा आमचा कायमचा विषय.

23 जुलै 2025, बुधवार. हिंजवडीतल्या आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी कोणीही डेडलाइनचं नाव काढत नव्हतं. आदल्या रात्री ऑझी ऑस्बोर्न गेल्याची बातमी आली होती. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसवर तोच. आमचा कोथरूडकर टीम लीड डोळे पुसायच्या बेतात होता. त्याच्या वडिलांकडे एलपी रेकॉर्ड्सचं कपाट आहे, आणि 1980 नंतर जगात चांगलं काही वाजलंच नाही, असं त्याचं ठाम मत आहे. समोर नुकतीच जॉइन झालेली एक पोरगी. ती 2025च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले बघून आली होती आणि अजून त्याच धुंदीत होती. तिनं निरागसपणे विचारलं, "ओके, पण हे ब्लॅक सबाथ खरंच एवढे ग्रेट होते का? का फक्त जुने आहेत म्हणून?"

संपलं! जेवण बाजूला राहिलं.

आणि अशा वेळी सगळे माझ्याकडे बघतात. कारण टीममधला 'रॉकवाला' मी. कुठला अल्बम कधी आला, कुठला ड्रमर कधी सोडून गेला, सगळं पाठ. मी न्यायाधीशासारखा घसा साफ केला आणि सुरू झालो. बर्मिंगहॅमची कामगार वस्ती, 1968मध्ये एकत्र आलेली चार पोरं, 1970च्या फेब्रुवारीतला पहिला अल्बम. गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुन्हा वाजवायला लागला. त्या जाड, काळ्या आवाजातून पुढे हेवी मेटलचं अख्खं घराणं निघालं. "आता बोल, लेजंड का नाही?"

पोरगी इंप्रेस झाली. म्हणाली, "सर, तुम्हाला एवढं कसं माहिती? घरी कोणी म्युझिकमध्ये आहे का?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला नव्हता. त्याचं उत्तर माझ्याकडे बारा वर्षांपासून तयार होतं.

"नाही गं. आमच्याकडे शेती."

वरकुटे, व्हाया मेमरी कार्ड

मी वरकुट्याचा. वरकुटे म्हटलं की लोक लगेच विचारतात, 'कुठलं?' कारण साताऱ्याकडे माण तालुक्यातही वरकुटे आहेत. आमचं इंदापूर तालुक्यातलं. त्यातही बुद्रुक आणि खुर्द अशी दोन. पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण सोडलं की एका बाजूला उजनीचं पाणी चमकायला लागतं, ऊस दिसायला लागतो, आणि स्वारगेटला चढलेला माणूस हळूहळू 'येतोय'चं 'येतुय' करायला लागतो. तो आमचा भाग.

तिथं रॉक कसं पोचलं? मेमरी कार्डातून. 2007-08च्या सुमारास इंदापुरात मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून मिळायचं. दुकानदार त्याच्या कॉम्प्युटरवर असेल नसेल ते सगळं ओतायचा. माझ्या कार्डात भीमगीतं होती, प्रल्हाद शिंदे होते, अजय-अतुल होते, लावण्या होत्या, आणि या सगळ्या गर्दीत कुठून तरी घुसलेली लिंकिन पार्कची तीन गाणी. शब्द एकही कळला नाही. पण तो माणूस ज्या पद्धतीनं ओरडत होता, ते कळलं. दहावी नुकतीच संपलेल्या पोराला ओरडावंसं वाटतंच. आमच्यात ओरडायची सोय नसते एवढंच.

मग 2009मध्ये पुण्यात इंजिनीअरिंग, आणि हॉस्टेलच्या लॅनवर तर खजिनाच. पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, निर्वाणा, मेटॅलिका. सिनिअर पोरांच्या यादीत काय आहे ते बघायचं आणि रात्रभर डाउनलोड लावून झोपायचं. एफसी रोडवरून घेतलेला काळा टी-शर्ट अंगात चढवला की मी कुठल्या गावचा, कोणाचा, हे कोणी विचारत नव्हतं. 'फेव्हरिट बँड कुठला?' एवढंच विचारायचे.

इथंच सगळी गोची आहे. आमच्या घरात 'बँड' या शब्दाचा अर्थ एकच होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि लग्नाची वरात.

माझे वडील बँडवाले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पा क्लॅरिनेट वाजवायचे.

ढोलावरचं नाव

आमच्या घराण्यात वाजवणं पिढीजात. पणजोबा सनई वाजवायचे, आजोबा सनई आणि सूर दोन्ही. आप्पांच्या हातात क्लॅरिनेट आलं. तसं हे सगळं वाद्यकुटुंब साहेबाचंच. छावण्यांमधल्या पलटणींच्या बँडची वाद्यं आपल्या लोकांनी उचलली, कोटसुद्धा उचलला, आणि त्यावर पार लग्नाच्या हळदीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळं वाजवलं. पुण्यात लक्ष्मी रोडवर विसर्जनाला प्रभात, दरबार अशी नावं ऐकायला माणसं अजून उभी राहतात. पण ती शहरातली मोठी नावं. आप्पांचा बँड तालुक्यातला. बारामती, इंदापूर, दौंड, नदीपलीकडे करमाळा एवढाच त्याचा मुलूख.

तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू. पौषात खंड. मग माघापासून थेट जेष्ठापर्यंत. चैत्रात गावोगावच्या यात्रा. बाकीचे महिने दुसऱ्याच्या रानात मजुरी. नवीन पिक्चर आला की आप्पा रेडिओला कान लावून बसायचे. गाणं दोनदा ऐकलं की बोटं मांडीवर हलायला लागायची. तिसऱ्यांदा लागलं की क्लॅरिनेट निघायचं. नोटेशन वगैरे भानगड नाही. हॉस्टेलमधली पोरं एक सोलो बसवायला महिना घालवताना मी बघितलीयत. तेव्हाही मी गप्प होतो.

बँडच्या मोठ्या ढोलावर बँडचं नाव रंगवलेलं असायचं. ते मालकाचं. आप्पांचं नाव कुठंच नव्हतं. पंचक्रोशीत लोक म्हणायचे, "त्या बँडात तो पिपाणीवाला हाय ना, त्यो आणा." एवढीच त्यांची कीर्ती. वरातीत नवरदेवाच्या पुढे, आणि पंगतीत सगळ्यांच्या मागे.

आता तुम्हाला वाटेल, हा आता सांगणार की माझा बाप खरा लेजंड. नाही. आप्पा चांगले वाजवायचे. तालुक्याच्या बँडात चांगला वादक जितका चांगला असतो, तितके. पण या सगळ्या 'लेजंड' प्रकरणाकडे मी त्यांच्या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं.

बारामतीचं लग्न

2011चा फेब्रुवारी. हॉस्टेलमधल्या एका मित्राच्या बहिणीचं बारामतीत लग्न. आम्ही आठ-दहा जण पुण्याहून गेलो. कडक शर्ट, गॉगल, फुल टू धमाल. वरात निघाली, आम्ही नाचायला पुढे. आणि बँडनं 'नागीन'ची बीन उचलली.

एक सेकंदात ओळखलं. ती बीन आमच्या घराच्या अंगणात हजार वेळा ऐकली होती.

लाल कोट. गळ्याशी शिरा ताणलेल्या. आप्पांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. माझ्या गळ्यात मित्राचा हात होता, आणि तो कानात ओरडत होता, "अरे तो पिपाणीवाला काय पेटलाय बघ, नोट लाव, नोट लाव!"

मी काही बोललो नाही. आणि आप्पांनी काय केलं? वाजवता वाजवता ते सावकाश दुसऱ्या बाजूला वळले. माझ्याकडे पाठ करून वाजवत राहिले. ओळख त्यांनी लपवली, माझ्यासाठी.

मित्रानं दहाची नोट कपाळाला फिरवून त्यांच्यासमोर धरली. आप्पांनी ती घेतली. रिवाजाप्रमाणे मान झुकवली.

आम्ही दोघं त्यावर आजतागायत बोललेलो नाही.

आणि याच वर्षीचा दुसरा किस्सा. 30 ऑक्टोबर 2011, मेटॅलिका पहिल्यांदा भारतात वाजवणार. दोन दिवस आधीचा गुरगावचा शो ऐनवेळी रद्द झाला, पण बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवरचा झाला. तिकीट, गाडीभाडं, खाणंपिणं. दिवाळीला घरी गेलो आणि आप्पांना म्हणालो, "प्रोजेक्टला पैसे भरायचेत." आप्पांनी काही विचारलं नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचे इसार आले होते, त्यातले त्यांच्या वाटणीचे पैसे त्यांनी रुमालातून काढून मोजून दिले. त्या पैशांवर मी बंगळूरला गेलो, हजारो लोकांत घसा फाटेस्तोवर ओरडलो, आणि येताना एक टी-शर्ट घेऊन आलो. जन्मातली बेस्ट रात्र. अजूनही म्हणेन.

फक्त ती रात्र एका बँडवाल्यानं स्पॉन्सर केली होती, हे कोणाला सांगितलं नाही.

लेजंड बनतो कसा?

पुढे नोकरी लागली, आणि मी ऑफिसातल्या वादांचा बादशहा झालो. पण इतकी वर्षं वाद घातल्यावर एक गोष्ट कळत गेली. 'कोण ग्रेट' या प्रश्नाच्या पोटात नेहमी दुसरा प्रश्न असतो. नाव कोणाचं राहिलं?

एल्विस प्रेस्लीच्या ज्या गाण्यानं 1956मध्ये अमेरिकेत गोंधळ घातला, ते 'हाउंड डॉग' त्याच्या चार वर्षं आधी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय बाईनं रेकॉर्ड केलं होतं. 'किंग' कोण झाला ते तुम्हाला माहिती आहे. लेड झेपलिन माझे जाम लाडके. पण त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक, 'होल लोट्टा लव्ह', यावर ब्लूजवाल्या विली डिक्सननं दावा लावला, आणि 1987मध्ये तो तडजोडीनं मिटला. आज त्या गाण्यावर डिक्सनचं नाव लागतं. 1969मध्ये लागलं नव्हतं.

आता जरा घरच्या जवळ येऊ. 1972मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोत वाजवले, हा किस्सा मुंबईचे जुने रॉकवाले अजून रंगवून सांगतात. त्याच वेळी त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 साल उजाडलं. श्रेय काय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. म्हणजे ढोलावरचं नाव. सारंगी कोणाची, तबला कोणाचा, हे किती जणांनी शोधलं असेल?

मला ते वाचून एकदम लाल कोट आठवला.

आणि आपल्या मातीतलं? गावाकडे यात्रेत पारावर बसलेली म्हातारी मंडळी ऐका. आमच्या कँटीनसारखाच सीन असतो. एक म्हणणार, विठाबाई नारायणगावकर, बाकी सगळं झूट. दुसरा म्हणणार, काळू-बाळूंच्या फडासारखं हसवणारं पुन्हा झालं नाही. तिसरा दत्तोबा तांब्यांचं नाव काढणार. 'आमच्या वेळचा तमाशा' आणि 'आत्ताचा ऑर्केस्ट्रा' यावरून आवाज चढणार. कोथरूडचं एलपीचं कपाट आणि वरकुट्याचा पार यांत फरक फक्त चहाच्या किमतीचा.

विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, 1957 आणि 1990 असा दोनदा. त्यांच्या नावानं राज्य सरकार आज जीवनगौरव पुरस्कार देतं. पण 2002मध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीतच गेले होते. आपल्याकडे माणूस लेजंड होतो तो बरेचदा गेल्यावर. जिवंत असताना तो 'तमासगीर' असतो. किंवा 'पिपाणीवाला'.

हे मी कँटीनमध्ये कधी बोललो नाही. कारण हे बोलायला लागलो असतो, तर पुढचं वाक्य घरापर्यंत गेलं असतं.

शनिवार, वरकुटे

ऑझी गेला त्या आठवड्यात मी गावी गेलो. श्रावण नुकताच लागला होता, पाऊस भुरभुरत होता. आप्पा आता साठीच्या पुढचे. बँड 2020मध्ये बंद पडला. त्याच्या आधीच बेंजो पार्टी आणि डीजेनं निम्म्या सुपाऱ्या खाल्ल्या होत्या, आणि लॉकडाऊननं ऐन उन्हाळ्याचा सीझन खाल्ला. मालकानं वाद्यं विकली. क्लॅरिनेट आप्पांचं स्वतःचं होतं, ते ट्रंकेत आहे. दात गेल्यापासून वाजत नाही.

दुपारी मी ओसरीवर फोनवर ऑझीचा शेवटचा कार्यक्रम बघत होतो. 5 जुलै 2025, बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. आप्पा शेजारी येऊन बसले.

"कोण म्हणायचं ह्यो?"

मी सांगितलं. मोठा गायक होता, मंगळवारी वारला. हा त्याचा शेवटचा कार्यक्रम.

"बसून का गातोय?"

"आजारी होता. उभं राहता येत नव्हतं."

आप्पांनी चष्मा लावला. एक अख्खं गाणं बघितलं. मला वाटलं, म्हणतील बंद कर हा कालवा. ते म्हणाले, "ढोलवाला म्हातारा हाय, पण लई भारी हाय. त्याच्यामुळं सगळं उभं हाय."

बिल वॉर्ड! चारही मूळ मेंबर 2005नंतर पहिल्यांदा त्या दिवशी एकत्र वाजवत होते. मी कँटीनमध्ये तासभर जे समजावत होतो, ते आप्पांना चार मिनिटांत कळलं होतं.

मग मी आयोमीच्या बोटांची गोष्ट सांगितली. आप्पा विचारात पडले. "बोटं तुटल्यावर तार दाबायची कशी? तार ढिली केली आसंल त्यानं."

मी उडालोच. आयोमीनं तेच केलं होतं. हलक्या तारा लावल्या, पुढे गिटार खालच्या सुरात उतरवली, आणि त्यातूनच तो जड आवाज आला. मेटलचे पंडित यावर पानंच्या पानं लिहितात. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझं पुढचं दात गेलं तवा मीबी नरम रीड लावली हुती. आवाज बदलतो, पण वाजतं. दोन सीझन काढलं तसं."

दोन सीझन. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. मला माहितीच नव्हतं.

"आप्पा, लेजंड कोणाला म्हणायचं? म्हणजे, मोठा वादक ओळखायचा कसा?" मी विचारलं. आयुष्यभर हा प्रश्न मी चुकीच्या कँटीनमध्ये विचारत होतो, असं तेव्हा वाटलं.

आप्पांनी वेळ घेतला. "वरातीच्या सुरवातीला सगळीच चांगली वाजीवत्यात. नोटा उडत असत्यात, पोरं नाचत असत्यात. पाचव्या तासाला बघायचं. नवरदेव कटाळलेला, नाचणारी पोरं पिऊन पडलेली, आपल्या पोटात अन्न न्हाय, मालकानं पैशाचं काय ते सांगितलेलं न्हाय. तवा जो सुरात वाजीवतो, त्यो वादक." मग फोनकडे बोट केलं. "ह्यो पाचव्या तासाला आलाय. गळा गेलाय त्याचा. पर बसलाय बघ कसा. आन् हे गाव कुठलं?"

"त्याचंच. जिथं लहानाचा मोठा झाला, तिथंच, शेजारी."

"म्हंजी गावातच शेवटचं वाजीवलं." आप्पा थोडा वेळ गप्प होते. "गावात मान मिळणं लई अवघड आसतं."

पाऊस वाढला. आईनं चहा आणला. आणि कपात बघत, अगदी सहज, आप्पांनी विचारलं, "ती बंगळूरची माणसंबी होती का ह्या कार्यक्रमात?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मेटॅलिका. होती. खरंच त्या दिवशी तिथं मेटॅलिकानंही वाजवलं होतं.

"तुम्हाला माहिती होतं?"

आई पदराआड हसली. "तुझा काळा सदरा मीच धुतला न्हवं. मागं तारीख छापलेली. हे म्हणलं, प्रोजेक्टच्या सदऱ्यावर गिटार कशाला?"

चौदा वर्षं. चौदा वर्षं दोघांनाही माहिती होतं, आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता. मी काहीतरी सॉरीसारखं पुटपुटलो. पैसे, इसार, खोटं बोललो वगैरे.

आप्पा म्हणाले, "वाजीवणाऱ्याचं पैसं वाजीवणाऱ्याकडं गेलं. बुडलं कुठं?"

बारामतीच्या लग्नाचा विषय मी काढणार होतो. शब्द जिभेवर होते. पण आप्पा उठले, आणि दारात लागलेली पावसाची झड बघायला गेले. पाठ माझ्याकडे होती. काही गोष्टी त्यांनी मिटवलेल्या असतात, आपण उगाच उकरू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. माझी हिंमत झाली नाही.

माझी नवी यादी

सोमवारी कँटीनमध्ये वाद जिथं थांबला होता तिथून पुन्हा सुरू झाला. टीम लीडनं नॅपकिनवर यादीच केली होती. सर्वकालीन टॉप टेन. पोरीनं त्यावर फुली मारून स्वतःची लिहिली होती. दोघांनीही यादी माझ्याकडे सरकवली. निकाल द्या.

मी म्हणालो, तुमच्या दोघांच्याही याद्या बरोबर आहेत. माणूस पंधराव्या वर्षी जे ऐकतो, तेच त्याला जगातलं शेवटचं चांगलं संगीत वाटतं. तिशीनंतर आपण बँडची बाजू घेत नसतो, स्वतःच्या पंधराव्या वर्षाची घेत असतो. त्यामुळे कुठला काळ श्रेष्ठ, हा वाद कधीच मिटणार नाही, आणि मिटू नये. नाहीतर आपण जेवताना बोलायचं काय?

पण बँडचं माप काढायचंच असेल, तर माझ्याकडे एक नवा फंडा आहे. 'पाचवा तास'. टाळ्या थांबल्यावर, नाव उतरल्यावर, अंगातली ताकद गेल्यावर काय उरतं? या मापानं सबाथ पास. क्वीन पास. (आणि फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये पियानो शिकला, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याचा, हा बोनस पॉइंट.) झेपलिन पास, पण विली डिक्सनचं नाव शेजारी लिहून. कोल्डप्ले? अजून वरात चालू आहे, थांबा. आणि गाणं मोजायचं असेल, तर त्याला दुसरी परीक्षा. ते कोणी बनवलं हे माहीत नसलेली माणसंही त्यावर उठून नाचतात का?

"मग या परीक्षेत पहिला नंबर कोणाचा?" टीम लीड.

"1954चा 'नागीन'. संगीतकार हेमंतकुमार. ती बीन, जी खरं तर बीन नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रिक कीबोर्डवर कल्याणजींनी वाजवली होती, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून प्रसिद्ध झाले ते. 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ 1972चा, गिटारच्या दुकानात शिरलेलं प्रत्येक पोरगं तो वाजवतं, मान्य. पण नागीनवर सत्तर वर्षं झाली तरी माणसं रस्त्यावर लोळतात. रुमाल दातांत धरून. दाखवा असा दुसरा रिफ."

सगळे हसले. टीम लीड म्हणाला, "अरे, पण ती बीन लोकांपर्यंत लग्नातल्या बँडवाल्यांनी पोचवली. ओरिजिनल कोण ऐकतं?"

"तेच म्हणतोय," मी म्हणालो. आणि मग, इतक्या वर्षांनी, ते वाक्य बाहेर आलं. फार काही जोरात नाही. भाजीतला बटाटा बाजूला करताना जसं आपण काहीतरी सांगतो, तसं. "माझे वडील बँडमध्ये होते. क्लॅरिनेट. पस्तीस वर्षं."

दोन सेकंद शांतता. मला वाटलं, आता 'ओह' येईल, तो गुळगुळीत, सभ्य 'ओह'.

पोरगी म्हणाली, "सर! तुम्ही तर म्हणाला होता शेती."

"तेपण आहे. दीड एकर."

"आणि बँडचं नाव काय?"

मी ढोलावरचं नाव सांगणार होतो. थांबलो. आणि आप्पांचं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

तिनं ते नॅपकिनवर लिहिलं. अकरावा नंबर, टॉप टेनच्या खाली. टीम लीडनं लगेच ऑब्जेक्शन घेतलं, रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय एंट्री मिळणार नाही, नियम म्हणजे नियम. बरोबर आहे त्याचं. रेकॉर्डिंग कुठंच नाही. पस्तीस वर्षांत हजारभर वराती वाजवल्या असतील. आहे काय, तर लोकांच्या लग्नाच्या कॅसेट्स. त्यात कॅमेरा कायम नवरदेवावर, आणि मागून आप्पा.

पण एक कॅसेट मला माहिती आहे. 2011, बारामती. त्या मित्राकडे असेल. आता त्याला फोन करून काय मागायचंय, आणि का, हे सांगावं लागेल.

या शनिवारी करतोय.